गळका सांधा: घरी बांधलेल्या गाडीचे पाइप आणि फिटिंग कसे जोडायचे

नळ गळायला लागला की टेफ्लॉन टेपचे दोन वेढे जास्त मारायचे आणि पान्याने अजून थोडं आवळायचं, ही सवय हाताला घरातूनच लागलेली असते. टेप यायच्या आधी प्लंबर सफेदा आणि धागा लावायचे, आता टेप लावतात. पाण्याच्या नळाला ते चालतं. गाडीवर हीच सवय अंगाशी येते, कारण गाडीतले निम्म्याहून जास्त सांधे आट्यांवर सील होतच नाहीत. आटे फक्त दोन भाग एकमेकांवर दाबून धरतात; पाणी, तेल किंवा ब्रेक ऑइल अडवायचं काम दुसरीकडेच कुठेतरी, एखाद्या कोनावर, वायसरवर किंवा ओ-रिंगवर चाललेलं असतं.

म्हणून कुठल्याही सांध्याला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हा सांधा सील कुठे होतो? त्याचं उत्तर मिळालं की काय लावायचं, किती आवळायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे आपोआप ठरतं.

हा लेख पहिल्यांदाच बग्गी, ट्रॅक कार किंवा कॉलेजच्या स्पर्धेची गाडी बांधणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुद्दाम मारुती ८०० च्या जातीच्या इंजिनाभोवती घेतली आहेत, कारण भंगारात स्वस्तात मिळणारं आणि म्हणून अशा गाड्यांत सर्रास दिसणारं इंजिन तेच. रस्त्यावरच्या पासिंगचा विषय वेगळा आहे, तो इथे घेतलेला नाही.

आधी कागद-पेन्सिल

गाडीखाली शिरण्याआधी प्रत्येक द्रवाचा मार्ग कागदावर काढा. पेट्रोल: टाकी, फिल्टर, पंप, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर रेल, परतीची लाइन. कूलंट: इंजिन, रेडिएटर, थर्मोस्टॅट, ओव्हरफ्लो बाटली. इंजिन ऑइल: प्रेशर स्विच, गेजचा सेंडर (दाब मोजून गेजला कळवणारा भाग), ड्रेन प्लग, कूलर असेल तर त्याच्या दोन लाइन. ब्रेक: मास्टर सिलिंडर, टी-जोड, चार चाकं. प्रत्येक सांध्यापुढे तीन गोष्टी लिहा: आटा कुठला, सील कुठे, दाब किती. साध्या बग्गीतही तीस-चाळीस सांधे सहज निघतात.

दाबाचा अंदाज असा ठेवा. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल लाइनमध्ये ०.२ ते ०.३ बार, इंजेक्शनच्या लाइनमध्ये ३ बारच्या आसपास. कूलंटला रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेला आकडा, बहुधा ०.९ किंवा १.१ बार. इंजिन ऑइल गरम असताना ३-४ बार, थंड सुरुवातीला त्याहून बरंच जास्त. आणि ब्रेक? पेडल जोरात दाबलं की ७० बार सहज, घाबरून मारलेल्या ब्रेकला १०० च्याही पुढे. कूलंटचा सांधा थेंब-थेंब गळला तर गाडी थांबवता येते. ब्रेकचा सांधा सुटला तर गाडीच थांबत नाही. या लेखात ब्रेकला सर्वांत जास्त जागा मिळाली आहे ती त्यामुळे.

आटे ओळखणं: इथेच निम्मी चूक होते

आट्यांचे दोन घराणे. पहिलं निमुळत्या आट्यांचं. यात आटा टोकाकडे बारीक होत जातो, १६ मिमी लांबीला १ मिमी व्यास कमी, आणि आवळताना आट्यावर आटा पाचरीसारखा रुतून सील होतो. एनपीटी हा अमेरिकी प्रकार, बीएसपीटी हा ब्रिटिश. दुसरं घराणं समांतर आट्यांचं: मेट्रिक, ब्रिटिश बीएसपीपी, अमेरिकी यूएनएफ. यांच्यात आट्यावर सील होतच नाही, त्यासाठी वायसर, ओ-रिंग किंवा कोन लागतो.

लहान साइझमध्ये तीन आटे डोळ्यांना अगदी सारखे दिसतात. १/८ बीएसपी बाहेरून ९.७ मिमी आणि इंचाला २८ आटे. १/८ एनपीटी जाड टोकाला साधारण १०.३ मिमी आणि इंचाला २७ आटे. एम १० × १ हा १० मिमी आणि आट्याचं अंतर नेमकं १ मिमी. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, बाकी दोघांचा ६०. नुसत्या नजरेने हे ओळखणारा कारागीर विरळा. व्हर्नियर आणि पिच गेज (आट्यांचं अंतर ताडून बघायच्या पट्ट्या) घ्या. दोन्ही मिळून एका चांगल्या होजच्या किमतीत येतात.

नावातल्या १/८ ने गोंधळू नका. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, मग हा आटा ९.७ मिमी कसा? कारण तो आकडा जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या भोकाचा आहे, आट्याच्या बाहेरच्या व्यासाचा नाही. दुकानात 'एक सुताचं फिटिंग द्या' म्हणालात तर काय हातात पडेल याचा भरवसा नाही. जुना तुकडा सोबत घेऊन जा.

निमुळता सांधा: ऑइल प्रेशर सेंडरचं उदाहरण

नवशिक्यांच्या गाडीत तेल गळण्याची सर्वांत ठरलेली जागा ही. सुझुकी, टोयोटासारख्या जपानी इंजिनांवर ऑइल प्रेशर स्विच बहुधा १/८ बीएसपीटी आट्याचा असतो. आपण ऑनलाइन गेज मागवतो, त्याचा सेंडर १/८ एनपीटीचा येतो. तो इंजिनात लावून पाहिला की दोन-तीन आटे छान जातो, मग घट्ट होतो. हाताला वाटतं, बसला. प्रत्यक्षात आट्यांचं अंतर आणि कोन जुळत नसल्याने तो एकाच जागी अडकलेला असतो आणि बाकी ठिकाणी तेलाला वाट मोकळी असते. मग माणूस टेप वाढवतो, अजून आवळतो आणि ॲल्युमिनियमचं घर असेल तर त्याला तडा घालतो.

बरोबर पद्धत अशी. मूळ स्विच काढून मोजा. सेंडर वेगळ्या आट्याचा असेल तर बीएसपीटी ते एनपीटी असा अडॅप्टर आणा. सेंडर डबीएवढा मोठा आणि जड असेल तर तो अडॅप्टरवर लोंबकळत ठेवू नका. इंजिनाच्या थरथरीने पितळी अडॅप्टर आट्याच्या मुळाशी तुटतो आणि मिनिटभरात तेलाचा चेंबर रिकामा होतो. अशा वेळी इंजिनापासून छोटा होज काढून सेंडर बॉडीवर पट्टीने बसवा. सेंडर एका वायरीचा असेल तर त्याचं अर्थिंग आट्यातूनच होतं. टेपचा जाड थर दिला, तर गेज वाटेल ते दाखवतं. होजने लांब नेलेल्या सेंडरला वेगळी अर्थ वायर द्यावी लागते.

सांधा जोडण्याच्या पायऱ्या:

१. दोन्ही आटे ब्रेक क्लीनरने धुऊन सुकवा. जुन्या टेपचे, सीलंटचे कण दाभणाने खरवडून काढा.

२. कोरडं लावून पाहा. निमुळतं फिटिंग हाताने तीन-चार आटे जायला हवं. पूर्ण आत गेलं तर आटा चुकीचा किंवा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) जास्त खोल मारलेला आहे. नवीन भोक पाडत असाल तर १/८ बीएसपीटीला ८.४ मिमी ड्रिल, आणि टॅप एकदम आरपार न घालता मध्येमध्ये फिटिंग लावून खोली तपासत जायचं.

३. तेल, पेट्रोल आणि कूलंटच्या धातूच्या निमुळत्या आट्यांवर आमची पसंती पेस्टला आहे, टेपला नाही. लॉक्टाइट ५६७ किंवा ५७७ सारखं थ्रेड सीलंट नराच्या आट्यावर गोल फिरवून लावा, टोकाचा पहिला आटा कोरडा सोडा. हे सीलंट हवा तुटल्यावर आणि धातूच्या संपर्कात घट्ट होतं, म्हणून बाहेर राहिलेला थर ओलाच दिसतो. त्याने घाबरू नका. स्टेनलेस स्टीलवर आणि थंडीत त्याला जास्त वेळ लागतो. सरसकट २४ तास द्या. प्लास्टिकच्या फिटिंगवर लावू नका, काही प्लास्टिक त्याने तडकतात.

४. टेपच वापरायची असेल तर टोकाचे दोन आटे उघडे सोडा, टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दोन ते तीन वेढे, ताणून. उलट गुंडाळली तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. टोकावरून आत लोंबणारा टेपचा धागा सुटून कार्ब्युरेटरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकला की व्हॉल्व्ह बंद होत नाही आणि पेट्रोल वाहत राहतं.

५. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीड ते दोन फेऱ्या. एल्बो असेल तर त्याचं तोंड हव्या दिशेला येईपर्यंत पुढेच फिरवा. थोडं जास्त गेलं म्हणून मागे फिरवलं तर पाचर सैल होते आणि सांधा गळतो. मग पूर्ण सोडवून, पुसून, नव्याने सीलंट लावण्याला पर्याय नाही.

तांब्याचे वायसर, बँजो आणि ड्रेन प्लग

समांतर आट्याच्या बोल्टखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर असतो. मऊ धातू दोन कडक पृष्ठभागांमध्ये चिरडून खाचा भरून काढतो आणि तिथेच सील होतो. आट्यावर इथे काहीही लावायचं नाही.

बँजो फिटिंगला, म्हणजे होजच्या टोकाच्या कडीतून पोकळ बोल्ट जाणाऱ्या फिटिंगला, वायसर दोन लागतात: एक बोल्टच्या डोक्याखाली, दुसरा बँजो आणि कॅलिपरच्या (चाकापाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) मध्ये. एकच लावला तर गळणार हे उघड आहे. उलटी चूकही नेहमी दिसते: जुना वायसर कॅलिपरला चिकटून राहिलेला असतो आणि नवा त्याच्यावरच बसवला जातो. एका जागी दोन वायसर, तेही वाईटच. नखाने खरवडून बघा. एम १० च्या बँजो बोल्टला मूळ मॅन्युअलमधला टॉर्क वापरा. तो मिळत नसेल तर २० ते २५ न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका. बोल्ट आतून पोकळ असतो, जास्त जोर लावला की आडव्या भोकापाशी तुटतो.

चिरडलेला तांब्याचा वायसर कडक होतो. तो परत वापरायचाच असेल तर गॅस टॉर्चने मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, वरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरने सपाट काचेवर घासून काढा. पाण्यात टाकल्याने पोलाद कडक होतं, तांबं नाही. त्याला मऊ करतं ते तापवणं, पाणी फक्त गार करतं आणि पापुद्रा सोडवतं. ब्रेकला मात्र नवाच वायसर घाला. चार रुपयांच्या वस्तूवर तिथे काटकसर नको.

रबरी कड असलेले बाँडेड वायसर तेलाच्या लाइनला उत्तम. मात्र साध्या नायट्राइल रबराचे असतील तर एक्झॉस्टजवळ टिकत नाहीत, तिथे व्हायटॉनचे मागा.

ब्रेकची लाइन

पाइप कुठला, इथून सुरुवात. बाहेरून ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंच, भिंत ०.७ मिमी, खास ब्रेकसाठी बनवलेला दुपदरी पोलादी किंवा तांबं-निकेलचा पाइप. तांबं-निकेल हाताने वाकतो आणि गंजत नाही. नवशिक्याने तोच घ्यावा. एसीवाल्याकडची तांब्याची नळी दिसायला सारखीच असते, पण ती या दाबासाठी बनवलेली नसते आणि थरथरीने कडक होऊन फ्लेअरच्या, म्हणजे फुलवलेल्या तोंडाच्या, मानेशी चिरते. ती ब्रेकला वापरू नका. नळी दाबून धरणारी फेरूलची फिटिंग आणि न्यूमॅटिकच्या पुश-फिट नळ्या, यांनाही ब्रेकमध्ये जागा नाही.

आता फ्लेअर. ब्रेकचा पाइप आट्यावर सील होत नाही, पाइपचं फुलवलेलं तोंड पोर्टच्या तळाशी दाबलं जाऊन होतो. फ्लेअरचे दोन प्रकार: ४५ अंशांचा डबल फ्लेअर, ज्यात पाइपची कड आत दुमडून दुपदरी होते, आणि बबल फ्लेअर, जो बाहेरून छत्रीसारखा गोल फुगतो. सापळा असा की जपानी गाड्यांत एम १० × १ नट आणि डबल फ्लेअर असतो, तर बऱ्याच युरोपी गाड्यांत तोच एम १० × १ नट पण बबल फ्लेअर असतो. आटा छान बसतो, नट घट्ट होतो, आणि सांधा गळतो. मारुतीचा मास्टर सिलिंडर आणि दुसऱ्या कुठल्या गाडीचे कॅलिपर अशी खिचडी घरच्या गाडीत हमखास असते, म्हणून प्रत्येक पोर्टमध्ये बॅटरी मारून बघा. तळाशी बाहेर आलेला सुळका दिसला तर डबल फ्लेअर, खळगा दिसला तर बबल. नटही वेगळे असतात: बबलच्या नटाच्या टोकाला बहुधा थोडा भाग बिनआट्याचा असतो, डबलच्या नटाला आटे टोकापर्यंत जातात.

फ्लेअरिंग टूल रेफ्रिजरेशनचं चालत नाही, ते एकपदरी फ्लेअर करतं आणि तो ब्रेकच्या दाबाखाली चिरतो. ब्रेकचं टूल, त्याच्यासोबत ३/१६ चा डाय (तोंडाला आकार देणारा ठसा), एवढं हवं. व्हाइसमध्ये धरायचा प्रकार हातातल्या पट्टीवाल्यापेक्षा कितीतरी सरळ फ्लेअर देतो.

१. जाड वेल्डिंग तारेचा नमुना आधी गाडीवर वाकवून घ्या, मग त्याबरहुकूम पाइप. वळणाची त्रिज्या निदान १५ मिमी. शेवटच्या वळणापासून फ्लेअरपर्यंत ३-४ सेंमी पाइप सरळ सोडा, नाहीतर टूलही बसत नाही आणि नटही मागे सरकत नाही.

२. ट्यूब कटरने कापा. प्रत्येक फेरीला कटरचा स्क्रू पाव फेरी, जास्त नाही. हॅकसॉने कापला तर कड तिरकी येते आणि फ्लेअर एका बाजूला जाड होतो.

३. आतली आणि बाहेरची बर (कापताना उरलेली धारदार कड) काढा, पोलादी पाइपवर प्लास्टिकचा थर असेल तर टोकाचा १५ मिमी खरवडा, आणि हवेने फुंकून साफ करा. आतली बर राहिली तर दुमडताना तिथेच चीर सुरू होते.

४. नट पाइपवर चढवा. आत्ता. आणि तोंड बरोबर दिशेला. हा विसरून सुंदर फ्लेअर केलेला पाइप परत कापावा लागला नाही असा माणूस क्वचितच सापडेल.

५. पाइप टूलमध्ये डायच्या पायरीइतका बाहेर काढून घट्ट आवळा. सैल राहिला तर दाबताना मागे सरकतो आणि फ्लेअर लहान होतो. टोकाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावा.

६. पहिला डाय पूर्ण बसेपर्यंत दाबा. बबल फ्लेअर हवा असेल तर त्यासाठीच्या डायने काम इथेच संपतं. डबल हवा असेल तर डाय काढून कोनाने दुसरा दाब द्या.

७. भिंगाने बघा. तोंड गोल, पाइपच्या मध्यावर, सगळीकडे सारख्या रुंदीचं, बसण्याच्या पृष्ठभागावर एकही रेघ किंवा चीर नाही. शंका आली की कापून टाका. पहिले पाच-सहा फ्लेअर भंगार तुकड्यावर करायचे, हे गृहीतच धरा.

जोडताना नट बोटांनी पूर्ण आत जायला हवा. मध्येच अडला तर पाइपची दिशा चुकली आहे, पाइप सरळ करा, पान्याने ओढू नका. मग फ्लेअर नटाच्या पान्याने, म्हणजे पाच बाजूंनी पकडणाऱ्या पान्याने, १५ न्यूटन-मीटरच्या आसपास. साध्या ओपन पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. टेप नाही, पेस्ट नाही, काही नाही. नव्या जोडणीत किंचित पाझर दिसला तर एकदा सोडून परत आवळा. बऱ्याचदा फ्लेअर स्वतः जागेवर बसतो. तरी पाझरला तर फ्लेअरच नवा करा.

पाइप चेसिसला दर २०-३० सेंमीवर रबर लावलेल्या पी-क्लिपने धरा. पत्र्यातून जाताना भोकाला ग्रॉमेट (रबरी कडी) हवाच. चाकाकडचा लवचीक होज लावल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून, चाक पूर्ण खाली लोंबवून आणि पूर्ण वर दाबून चारही स्थितींत बघा: होज ताणला जात नाही ना, टायरला घासत नाही ना, पिळलेला नाही ना.

ब्लीडिंग निप्पल, म्हणजे लाइनमधली हवा काढायचा स्क्रू, हाही आट्यावर सील होत नाही, टोकाच्या कोनावर होतो. तो पाझरत असेल तर कोनावर कचरा आहे किंवा आधी कुणी जास्त आवळून खाच पाडली आहे. त्याला टेप गुंडाळणं म्हणजे छत गळतंय म्हणून भिंतीला रंग देणं.

आणि ब्रेकच्या आत फक्त ब्रेक ऑइल. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलचे असतात, त्यांच्यासाठीचे सील ईपीडीएम रबराचे. सील बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइलचं बोट लावलं तरी ते रबर फुगतं आणि पिस्टन अडकतो. उलट रंगावर सांडलेलं ब्रेक ऑइल रंग फुगवतं. लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते पाण्यात विरघळतं.

एएन फिटिंग

रेसिंगच्या गाड्यांवर दिसणाऱ्या रंगीत ॲल्युमिनियमच्या एएन फिटिंगचं आकर्षण सगळ्यांनाच असतं. वापरायला हरकत नाही, पण समजून. एएनचा कोन ३७ अंशांचा, ब्रेकच्या पाइपचा ४५ अंशांचा. दोन्ही एकमेकांवर बसवले तर फक्त एका रेषेवर टेकतात. एएनपुढचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात असतो: एएन-६ म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंची नळी, आटा ९/१६-१८. कोन पुसून कोरडा ठेवा, आट्याला तेलाचा थेंब द्या म्हणजे ॲल्युमिनियम खरवडणार नाही. बोटांनी घट्ट करून मार्करने रेघ मारा, मग एएन-६ ला नटाची साधारण सव्वा बाजू पुढे. दोन पाने वापरा, एकाने फिटिंग धरून. एएनच्या एका टोकाला कोन आणि दुसऱ्या टोकाला निमुळता एनपीटी असतो, अशा अडॅप्टरवर पेस्ट फक्त एनपीटीच्या टोकाला. दोन्ही टोकांना लावलेली पेस्ट हा नवख्या गाडीचा हमखास ओळखायचा शिक्का आहे.

होज आणि क्लिप

गुळगुळीत नळीवर होज चढवून क्लिप आवळली तर दाब आला की होज सरकतो. नळीच्या टोकाला उंचवटा, म्हणजे बीड, हवा. होज बीडच्या पुढे २५-३० मिमी चढवा आणि क्लिप बीड आणि होजची कड यांच्या मध्ये, कडेपासून ३ मिमी आत. बीडवरच क्लिप आवळली तर ती घसरते.

रबराची जात द्रवाप्रमाणे. कूलंटला ईपीडीएम. पेट्रोल आणि तेलाला नायट्राइल किंवा व्हायटॉनचं अस्तर. कूलंटचा होज पेट्रोलला लावला तर तो काही दिवसांत फुगून लिबलिबीत होतो. पेट्रोलच्या होजवरचं छापील वाचा: इंजेक्शनच्या दाबाला एसएई जे-३० आर-९ प्रतीचा, कार्ब्युरेटरला आर-७ चालतो, आणि टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्याला आर-१० च हवा, कारण बाकीचे फक्त आतून पेट्रोल सोसतात, बाहेरून नाही. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं. भंगारातून आलेल्या इंजिनासोबतचे जुने होज, डायफ्राम आणि ओ-रिंग इथेनॉलने कडक किंवा चिकट होतात. ते सरसकट बदला, तपासत बसू नका.

सिलिकॉनच्या निळ्या होजला भोकं पाडलेल्या पट्टीची साधी क्लिप लावू नका, पट्टीच्या भोकांतून होज चिरत जातो. आतून सपाट पट्टीची किंवा स्प्रिंगची क्लिप घ्या. होज चढत नसेल तर पाणी लावा. ग्रीस लावलं की ईपीडीएम फुगतो आणि होज त्याच घसरड्यावरून निसटतो. सिलिकॉनचा होज पेट्रोलला अजिबात नाही, त्यातून पेट्रोल झिरपतं.

ट्यूबमधल्या आरटीव्ही सिलिकॉनबद्दल एवढंच: तो सपाट जोडांसाठी आहे, जसं ऑइल पॅन. २-३ मिमीची एकसंध रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने वळवून. बाहेर ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, आणि आतलं तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. पेट्रोलच्या कुठल्याही सांध्याला तो चालत नाही.

तपासणी: पेट्रोल भरण्याआधी

पेट्रोलची लाइन कोरी असताना हवेने तपासा. टाकी आणि कार्ब्युरेटर वेगळे करून एक टोक बंद करा, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप जोडून ०.५ बार द्या, सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. इंजेक्शनची लाइन असेल तर रेग्युलेटर असलेल्या काँप्रेसरने ४ बार. टाकीला ०.१ ते ०.२ बारच्या वर देऊ नका, पत्रा फुगतो. एकदा पेट्रोल शिरलेल्या टाकीजवळ मात्र वेल्डिंग, ठिणगी, काहीही नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

कूलंटसाठी रेडिएटरवाल्याकडचा हातपंप मागून आणा. झाकणावरच्या आकड्याइतका दाब देऊन १० मिनिटं काटा बघा. इंजिन एकदा पूर्ण तापून गार झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा; रबर बसतं आणि क्लिप सैल होते.

ऑइलसाठी स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, गेज हलेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा मारा. मग इंजिन चालू करून सांध्यांभोवती खडूची पूड शिंपडा. पांढऱ्यावर काळा डाग कुठून सुरू होतो ते स्पष्ट दिसतं. गळती नेहमी सर्वांत वरच्या ओल्या जागेवर शोधायची. खालचा थेंब फक्त रस्ता दाखवतो.

ब्रेकचं ब्लीडिंग झाल्यावर प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, एकाला पेडल सर्व ताकदीनिशी पूर्ण मिनिटभर दाबून धरायला सांगा. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि सगळे टिश्यू कोरडे असतील तर गळती मास्टर सिलिंडरच्या आत आहे. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर अजून हवा आहे. एखादा टिश्यू ओला झाला तर वर सांगितल्याप्रमाणे. गाडी जॅकवर उचलून चाकं फिरवून, ब्रेक दाबल्यावर चारही लॉक होतात का ते बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.

फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धेची गाडी असेल तर तिला तपासणीत ६० अंश तिरकी करतात आणि एक थेंबही गळलेला चालत नाही. त्यात हमखास पकडले जातात ते टाकीचा व्हेंट (हवा ये-जा करायची नळी), झाकण आणि ओव्हरफ्लो बाटलीची नळी, कारण यांच्यावर दाब नसतो म्हणून कुणी त्यांच्याकडे लक्षच देत नाही. व्हेंटला रोल-ओव्हर व्हॉल्व्ह (गाडी कलंडली की वाट बंद करणारा) लावा, नळी टाकीच्या वरून एक वळसा घेऊन खाली आणा, आणि स्पर्धेच्या ठिकाणी जाण्याआधी घरीच टाकी भरून गाडी दोराने बांधून, चार माणसांनी धरून तिरकी करून बघा.

पास झालेल्या प्रत्येक नटावर आणि फिटिंगवर रंगाची एक सलग पातळ रेघ मारा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर त्या रेघा बघा. जिची दोन टोकं एकमेकांपासून सरकलेली दिसतील, तो नट हलला आहे.